तुमचं घर, निळ्या दाराचं

आम्पारो बाराहासने आयुष्यात इंग्रजीचे जेवढे शब्द चुकवले, तेवढे अमेरिकेतल्या याकिमाच्या आमच्या सगळ्या खोऱ्याने मिळून चुकवले नसतील. कारण सोपं आहे. ती बोलली, आणि बाकीचे आम्ही गप्प बसून बिनचूक राहिलो. पण बोलायला लागण्याआधी तीही कित्येक वर्षं तोंडाला कुलूप लावून होती, आणि ते कुलूप लागलं सफरचंदांच्या शेडमध्ये.

मेक्सिकोतल्या मिचोआकानातल्या गावाहून नवऱ्याबरोबर येऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. मुलीचा, मारिसेलाचा बाप्तिस्मा ठरला होता, गावाकडची माणसं यायची होती, म्हणून तिने मुकादमाकडे सुट्टी मागितली. आमच्या बोलीत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, नातेवाइकांना 'पारिएन्तेस' म्हणतात. इंग्रजीतला 'पेरेंट्स' हा शब्द दिसायला अगदी त्याचा सख्खा भाऊ. आम्पारोने धीर करून सांगितलं की रविवारी माझे चाळीस पेरेंट्स येणार आहेत. सफरचंदं वाहणाऱ्या पट्ट्याचा खडखडाट चालू होता, तरी त्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मुकादमाने विचारलं की या चाळिसांपैकी नक्की कुणी जन्म दिला तुला? शेड हसली. हसणाऱ्यांत निम्मे तिच्याच मुलखातले, ज्यांना इंग्रजीत स्वतःचं वय सांगता येत नव्हतं. पण दुसऱ्याची फजिती समजायला भाषा लागत नाही. त्या दिवसापासून ती 'चाळीस आईबापांची' झाली, आणि तिने कानाला खडा लावला. हो, नाही, थँक्यू. एवढ्या तीन शब्दांवर तिने वर्षांमागून वर्षं सफरचंदं निवडली.

मग एवारिस्तोच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात डॉक्टर बोलत होता, आणि मध्ये उभी राहून अर्थ सांगत होती नऊ वर्षांची मारिसेला. एका वाक्यापाशी पोर अडली. आईकडे बघून म्हणाली, "आई, हे असं आहे की बाबांना गाठ असू शकते. हे मी बाबांना सांगू, की नको?"

गाठ पुढे साधी निघाली, देवाची कृपा. पण पोरीचा तो चेहरा आम्पारोच्या डोळ्यांपुढून हलेना. त्याच आठवड्यात ती लूथरन चर्चच्या तळघरातल्या इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसली.

वर्ग घ्यायच्या व्हर्ना थॉर्सन. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, उंच, सरळ, लग्न न केलेल्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. त्यांना सगळे 'माएस्त्रा' म्हणायचे, म्हणजे बाई; तेव्हा आपणही बाईच म्हणू. तांदूळ निवडणाऱ्या बायका गप्पा मारतानाही खडा सोडत नाहीत ना, तशा बाई होत्या. समोरचा रडकुंडीला येऊन स्वतःची कर्मकहाणी सांगत असला तरी चुकीचा शब्द आला की बाईंचा हात तिथे गेलाच. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी प्रत्येकाला आपल्या माणसांबद्दल बोलायला सांगितलं. आम्पारोची पाळी आली तेव्हा तिची पाचावर धारण बसली. तरी उभी राहिली, आणि तोच शब्द पुन्हा तोंडातून गेला. चाळीस पेरेंट्स. आता हसणार, म्हणून ती खाली बघत राहिली.

"तुला नातेवाईक खूप आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांना 'रेलेटिव्ह्ज' म्हणतात. आणि चाळीस असणं ही हसण्याची गोष्ट नाही, भाग्याची आहे. बस."

आम्पारो बसली. पुढे कुणीही विचारलं की ती सांगायची, इंग्रजी मला त्या 'बस'पासून यायला लागली.

यायला लागली म्हणजे चुकायला लागली. कागद ठेवायच्या फोल्डरला ती 'कार्पेट' म्हणायची, कारण आमच्याकडे तो 'कार्पेता'. यश मिळालं की 'एक्झिट' मिळाली, कारण यश म्हणजे 'एक्सितो'. सूप, आमचं 'सोपा', हवं असलं की 'सोप' मागायची. एकदा तिने सांगितलं की मी आणि एवारिस्तो रोज जेवताना 'डिस्कस' करतो. बाईंना या जोडप्याचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी ते वर्गाला उदाहरण म्हणून दिलं, बघा, कामावरून दमून येऊनही नवराबायको कशी विचारविनिमय करतात. 'डिस्कुतिर' म्हणजे आमच्या भाषेत कडाकडा भांडणं, हे बाईंना पुढच्या महिन्यात कळलं. त्या दिवशी मात्र बाई हसल्या. रुमाल तोंडाला लावून, पण हसल्या.

अशा शब्दांना इंग्रजीत खोटे मित्र म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. आम्पारोला ते पटलं नाही. ती म्हणाली की आमच्या गावात आपल्या माणसासारखा चेहरा दिसला की आधी घरात घेतात, जेवू घालतात, आणि कोण कुठला ते मग विचारतात. शब्दांशीही आम्ही तसंच वागतो. यात शब्दाचा काय खोटेपणा?

बाईंनी सुधारलेलं सगळं तिने मुकाट मानलं. एकच गोष्ट मानली नाही, आणि ती घराची.

आमच्यात चारचौघांत स्वतःच्या घराला 'माझं घर' म्हणणं उद्धटपणाचं. 'तुमचं घर' म्हणायचं. समोरचा गवंडी असो की पाद्री, 'काल तिकडे तुमच्या घरी पाहुणे आले होते' असंच बोलायचं, आणि ऐकणाऱ्याने ते आपोआप समजून घ्यायचं. आम्पारोने ही रीत जशीच्या तशी इंग्रजीत नेली. रविवार कसा गेला असं बाईंनी विचारलं, तर ही म्हणाली, "छान गेला, बाई. तुमच्या घरी आम्ही डुक्कर कापलं."

बाईंचा खडू हातातच राहिला.

"माझ्या घरी," त्यांनी सुधारलं.

"नाही, तुमच्या घरी नाही," आम्पारो गोंधळून म्हणाली. "तुमच्या घरी, ते निळ्या दाराचं, कॅनॉलजवळचं."

उलगडा व्हायला बराच वेळ लागला. झाल्यावर बाई म्हणाल्या की पद्धत गोड आहे, पण इंग्रजीत चालणार नाही. आम्पारो म्हणाली की मग इंग्रजीचं चुकलं. ज्याचं घर आहे त्यालाच ते असं देता येतं. पाहुणा दुसऱ्याचं घर 'तुमचं' म्हणून वाटत सुटत नाही. बाईंनी फळ्यावर 'माझं घर' असं दोनदा लिहिलं. आम्पारोने वहीत ते उतरवून घेतलं, आणि जाताना दारात म्हणाली, "या कधीतरी. तुमचंच घर आहे."

बाई कधी आल्या नाहीत. विद्यार्थ्यांच्या घरी जायचं नाही हा त्यांचा शाळेपासूनचा नियम. नाताळात तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, पाठवले की घ्यायच्या, डबा धुऊन परत करायच्या, आभाराचं कार्ड लिहायच्या. पण उंबरा ओलांडायच्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं आम्पारोचं बोलावणंही रीतीपुरतंच होतं. असल्या बोलावण्यांत बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असतो, हे आमच्या माणसांइतकं कोण जाणतं?

पुढे एवारिस्तोचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरपुढे आम्पारो एकटी बसली. मारिसेलाला तिने मुद्दाम शाळेत पाठवलं. प्रश्न विचारले, उत्तरं समजून घेतली, एक गोष्ट कळली नाही तर पुन्हा सांगायला लावली. बाहेर आली तेव्हा घामाने भिजली होती. तशीच ती चर्चच्या तळघरात गेली आणि वर्ग चालू असताना दारातूनच म्हणाली, "बाई, मी आज डॉक्टरशी बोलले. सगळं मी बोलले." बाईंनी मान हलवली, तिच्या वाक्यातला एक काळ दुरुस्त केला, आणि वर्गाला उभं राहून टाळ्या वाजवायला लावल्या. त्या दिवसानंतर आम्पारो 'तुमचंच घर' म्हणाली ते रीतीपुरतं नव्हतं.

मग गेल्या वर्षी, हिवाळा सरता सरता, चर्चच्या पायऱ्यांवरच्या बर्फावरून बाई घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, शेकणं-चालवणं सुरू झालं, पण बाईंचं राहतं घर दुमजली, झोपायची खोली वर, आणि जिना असा उभा की धडधाकट माणसाने देवाचं नाव घ्यावं. फिनिक्सहून त्यांचा भाचा डग्लस आला. माणूस चांगला. आत्याची त्याला खरोखर काळजी. त्याने आपल्या घराजवळच एक वृद्धाश्रम बघितला होता, स्वच्छ, उन्हातला, बागेचा. बाईंचं घर विकायला काढायचं असंही ठरत आलं होतं.

आम्पारो दवाखान्यात भेटायला गेली ती गाईच्या मांसाचं गरम सूप घेऊन. बाई खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या. फिनिक्सला ऊन चांगलं असतं, एवढंच म्हणाल्या. त्यांना जरा हसवावं म्हणून आम्पारोने मुद्दाम जुनी चूक काढली. "बाई, मी तुमच्यासाठी सोप आणलाय."

"छान," बाई म्हणाल्या.

आम्पारोला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग तिने सांगितलं की तुमचे दवाखान्याचे कागद मी माझ्या कार्पेटमध्ये ठेवते. बाईंनी मान डोलावली. मारिसेलाला नोकरीत मोठी एक्झिट मिळाली, असंही सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, अभिनंदन कळव. एकही खडा त्यांनी उचलला नाही. हाड जुळेल, पण ही बाई अशीच खिडकीकडे बघत राहिली तर फिनिक्सच्या उन्हात वर्षभरही काढणार नाही, हे आम्पारोला दिसलं. या बाईने आपल्याला वाचा दिली, आणि आता तीच न बोलता निघालीय.

घरी येऊन तिने एवारिस्तोला सांगितलं, पुढची खोली रिकामी करायची. पुढची खोली म्हणजे घराची शान. तिथे संतांच्या तसबिरी, मारिसेलाचा पंधराव्या वाढदिवसाचा फोटो, आणि कुणालाही बसू न दिलेला सोफा. दोघांनी बराच वेळ डिस्कस केलं, आमच्या अर्थाने.

"ती मला माझ्याच घरात बोलू देणार नाही," एवारिस्तो म्हणाला. "मीठ मागितलं तरी सुधारेल."

"मग नीट माग, म्हाताऱ्या."

"अगं, पण तिला विचारलंस तरी का?"

"इतकी वर्षं दुसरं काय करतेय मी?"

एवारिस्तो छातीवर हात ठेवून थोडा वेळ बसला. ऑपरेशनचा वण आहे तिथे. मग उठून कामाला लागला. सफरचंदांच्या जुन्या मोठ्या पेट्यांच्या फळ्या काढून त्याने दाराच्या पायऱ्यांवर उतार बांधला, चाकाची खुर्ची सहज चढेल असा, आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा. लाकूड तासून तासून इतकं गुळगुळीत केलं की हाताला कुसळ लागू नये. न्हाणीघरातही दोन दांडे बसवले.

एवढं झाल्यावर आम्पारो डग्लसला भेटायला गेली. बैठक दवाखान्यातल्या एका लहान खोलीत होती. डग्लस, दवाखान्याची समाजसेविका, खुर्चीत बाई, आणि समोर आम्पारो. मारिसेला म्हणाली होती की मी येते, सगळं नीट बोलते. आम्पारोने तिला दाराबाहेरच बसवलं. "नऊ वर्षांची असताना तुझ्याकडून जे बोलवून घेतलं ना, तेवढं पुरे झालं," ती म्हणाली.

आत जाऊन तिने सरळ सांगितलं की बाईंनी फिनिक्सला जायची गरज नाही, त्या त्यांच्या घरी येतील. डग्लसने शांतपणे समजावलं की त्या घराला जिना आहे. ते नाही, आम्पारो म्हणाली, त्यांचं दुसरं, निळ्या दाराचं.

डग्लस चकित होऊन आत्याकडे वळला. "तुझं अजून एक घर आहे?"

"ती बोलायची पद्धत आहे त्यांची," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "घर तिचं आहे. शिष्टाचार म्हणून म्हणतात, डग्लस. मनावर घ्यायचं नसतं."

आम्पारोला ते लागलं. तिने फोनमधले फोटो टेबलावर सरकवले. उतार, कठडा, दांडे, खिडकीजवळची खाट. मग तिला जे म्हणायचं होतं ते सगळं एका दमात बाहेर आलं. मी शेडमध्ये फक्त सकाळची पाळी घेईन, दुपारी नवरा घरी असतो, मुलगी दोन घरं सोडून राहते. ज्या बाईमुळे मी माझ्या नवऱ्याच्या डॉक्टरशी बोलू शकले, तिला मी परक्यांत पाठवणार नाही. "मी यांना सांभाळायचं प्रिटेंड करते," ती म्हणाली. "मरेपर्यंत प्रिटेंड करते."

समाजसेविकेचं पेन थांबलं. डग्लसच्या भुवया वर गेल्या. 'प्रेतेन्देर' म्हणजे आमच्याकडे मनात धरणं, ठरवणं. पण त्या खोलीत आम्पारोने शपथेवर सांगितलं होतं की मी सांभाळायचं ढोंग करीन. काहीतरी बिघडलं एवढं तिला कळलं, काय ते कळेना.

"इंटेंड," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाई खुर्चीत सरळ झाल्या होत्या.

"प्रिटेंड म्हणजे ढोंग. तू ढोंग करत नाहीस, आम्पारो. तुझ्या मनात आहे ते. 'इंटेंड'. पुन्हा म्हण."

आम्पारोने पुन्हा म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते शब्दासाठी नव्हतं. बाईंचा हात पुन्हा तांदळात आला होता.

डग्लस निळ्या दाराचं घर बघायला आला. त्याने कठडा दोन्ही हातांनी हलवून पाहिला. कठडा हलला नाही. मग तो म्हणाला, सफरचंदं उतरेपर्यंत बघू, तेव्हा आत्या काय म्हणेल ते.

बाई आल्या. सफरचंदाच्या झाडांना फुलं होती तेव्हा. एवारिस्तोने मीठ मागितलं आणि त्यांनी खरोखरच सुधारलं. तो आता मीठ मागायचंच सोडून आधी चाखून बघतो. हिरव्या मिरचीने पहिल्या आठवड्यात बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्यात त्यांनीच ती वाटी पुढे ओढली. काठी घेऊन त्या उतारावरून कॅनॉलपर्यंत जायला लागल्या. सगळं चांगलं चाललं होतं, फक्त एक सल होता. बाई फ्रिज उघडायच्या आधी विचारायच्या. फोनवर सांगायच्या, मी आम्पारोकडे असते. पत्रं आली की आम्पारोच्या घरच्या पत्त्यावर आली, असं म्हणायच्या. आम्पारो म्हणे, तुमचं घर, बाई. बाई म्हणत, आभारी आहे. मग चेरीचा हंगाम संपला, सफरचंदं लाल व्हायला लागली, आणि डग्लसचा फोन आला की फिनिक्सची जागा अजून राखून ठेवलीय, काय ठरवलंस? बाई म्हणाल्या, कळवते. त्यांनी काय ठरवलंय याचा ताकास तूर लागू दिला नाही, आणि आम्पारोनेही विचारलं नाही. ज्याला घर दिलं त्याला राहतोस की जातोस असं विचारायचं नसतं. पण खाटेवरची चादर बदलताना तिच्या मनात रोज येई, अजून किती वेळा बदलायची आहे ही?

शाळा उघडायच्या सुमाराला चर्चने वर्गासाठी तळघराऐवजी तळमजल्यावरची खोली दिली. पहिल्या संध्याकाळी आम्पारो बाईंना घेऊन गेली आणि मागच्या बाकावर बसली. नवीन माणसं बरीच होती. मेक्सिकोतल्याच ओआहाकाहून आलेला सेनोन नावाचा एक लाजाळू माणूस होता, टोपी मांडीवर घेऊन बसलेला. बाईंनी नेहमीचा धडा सुरू केला. एकाने विचारायचं, कुठे राहता, दुसऱ्याने सांगायचं, आणि मग तोच प्रश्न उलटा.

बाईंनी सेनोनला विचारलं, तुम्ही कुठे राहता? त्याने शब्द जुळवले आणि अदबीने म्हणाला, "तुमच्या घरी, बाई. गोदामामागे."

आम्पारो सवयीने दुरुस्तीची वाट बघायला लागली. बाईंनी खडू खाली ठेवला.

"आभारी आहे," त्या म्हणाल्या. "आता मला विचारा."

"तुम्ही कुठे राहता, बाई?"

"तुमच्या घरी," बाई म्हणाल्या. "कॅनॉलजवळ, निळ्या दाराचं. पायऱ्यांवर उतार आहे, लगेच सापडेल. रविवारी जेवायलाच या."

वर्गाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळे आमचेच, रीतीला धरून होतं. सेनोनने टोपी छातीशी धरून मान लववली. बाईंनी काठीवर भार टाकून मागे वळून बघितलं.

"रविवारी तमाले करू या ना आपण, आम्पारो?"

आम्पारोने मान डोलावली.

"करू या, बाई," ती म्हणाली. "मका मात्र आणायला हवा."

"मग जाताना घेऊ," बाई म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळल्या.